साखराबाईंना गाडी लागते

अहमदपूरच्या आमच्या गल्लीत सटवाजी टेकाळे कुठं राहतात म्हणून विचारलं तर पोस्टमनही डोकं खाजवतो. ‘बिफोर’चं घर विचारलं तर शेंबडं पोरगंसुद्धा दारापर्यंत आणून सोडतं. सटवाजीराव एसटीत ड्रायव्हर होते. लातूर-नांदेड गाडी त्यांच्या हातात आली की वेळेच्या आधी पोचायची, आणि पोचली की खाली उतरून, स्टँडच्या घड्याळाकडं बघून ते एकच शब्द बोलायचे, “बिफोर!” कोर्टात तारीख असलेली माणसं, परीक्षेची पोरं, मोंढ्यातले व्यापारी, सगळे त्यांच्या गाडीची वाट बघायचे. रिटायर होताना छातीला विनाअपघात सेवेचा बिल्ला लागला होता. तो आता टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये आहे, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी तो दाखवला जातो.

अशा माणसाच्या बायकोला गाडी लागते.

साखराबाई तशा कुणाच्या बापाला न घाबरणाऱ्या. सुटलेल्या म्हशीला कासऱ्याला धरून घरी आणलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पण गाडीत बसल्या की त्यांचं तोंड पांढरंफटक पडायचं, हातातलं लिंबू नाकाला लागायचं, आणि चाकूर यायच्या आत पिशवी उघडावी लागायची. त्यामुळं गावाबाहेरचं लग्न म्हटलं की साखराबाईंचा आहेर जायचा, साखराबाई जायच्या नाहीत. मुलगा सुदर्शन उमरीला बँकेत आहे. त्याची तिथली खोली त्यांनी पाहिली नव्हती. सून आरतीचं माहेर लातूरपलीकडच्या मुरुडचं. तिथं त्या एकदाच गेल्या, साखरपुड्याला, आणि व्याह्यांच्या दारात, रांगोळीच्या अगदी शेजारी जे झालं ते मुरुडची माणसं सभ्य म्हणून अजून कुणी काढत नाही.

“हिचं पोटच नाजूक हाय,” सटवाजीराव सांगायचे. “तीस वर्सं लोकं माझ्या गाडीत झोपा काढत गेले. घरच्याच मानसाला सोसंना, त्याला मी काय करू?”

गाडी घ्यायचं काढलं ते आरतीनं. ती जवळच्याच एका गावात शाळेवर शिक्षिका. स्कूटीवर पुढं एक लेकरू, मागं एक लेकरू, मध्ये तिची पर्स आणि शाळेचा बोजा. उमरीला जायचं म्हटलं की नांदेडला गाडी बदला. दसऱ्याला घरात सगळे असताना तिनं सासू-सासऱ्यांपुढं विषय मांडला.

“मामा, एक छोटी एसयूव्ही घेऊ. आपल्याला झेपंल अशी. पण माझी एकच अट आहे. आत्यांना जिच्यात मळमळणार नाही तीच घ्यायची.”

सटवाजीरावांना ही अट फार आवडली, कारण तपासणी अधिकारी तेच होणार होते. घरात दुसरं कोण गाडी चालवणार? सुदर्शन ड्रायव्हरचा मुलगा असून मोटारसायकलच्या पुढं गेला नव्हता. आरतीकडं लायसन होतं, पण ते तिनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फी भरून काढलेलं. त्यावरून सटवाजीराव महिनाभर रुसले होते. खरं म्हणजे पहिला धडा त्यांनीच दिला होता, शेजाऱ्याच्या जुन्या गाडीवर, मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत. “क्लच! क्लच! अगं क्लच म्हंतो ना!” एवढं ओरडले की हमालांनी पोती खाली ठेवली आणि बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आरतीनं फी भरली.

मग गाड्या बघणं सुरू झालं, आणि त्यात मी सापडलो. माझं स्टेशनरीचं दुकान बसस्टँडसमोर आहे. एका रविवारी सटवाजीराव शेजाऱ्याची तीच जुनी गाडी चालवत आले, मागं साखराबाई आणि आरती, आणि म्हणाले, “उमाशंकर, शटर ओढ. लातूरला जायचंय.”

“मी कशाला?”

“लोड पायजे. रिकामी गाडी कुनीबी पळवंल. भरल्या गाडीत कळतं.”

म्हणून मी लोड झालो. जाताना चाकूरच्या अलीकडंच साखराबाईंची एक पिशवी संपली.

लातूरच्या शोरूममध्ये पुनम नावाची मुलगी भेटली. चुणचुणीत, पण कुणाच्या मागं न लागणारी. तिनं दाखवलेली गाडी दिसायला साधीच होती. पांढरा रंग, मोठ्या खिडक्या, मागं दोन गोणी मावतील एवढी जागा. पायरी ना फार उंच ना फार बुटकी. साखराबाई कुणाचा हात न धरता आत बसल्या. किंमत ऐकून आरतीचा चेहरा उजळला. सटवाजीरावांचा मात्र पडला. स्वस्त गाडी म्हणजे पत्रा पातळ, हे त्यांचं मत.

पुनम पुढं बसली, मागं साखराबाई, मी आणि आरती. सटवाजीरावांनी खिशातून लायसन काढून पुनमला दाखवलं, आरसा पुसला, देवाला हात जोडले आणि गाडी रस्त्यावर घातली. आणि मग जे काही झालं त्याला मी साक्षीदार आहे. ते स्टेरिंग दोन्ही हातांनी असं वळवायचे की गाडी आपोआप एसटीएवढी लांब वाटायची. समोर रिक्षा दिसली की हॉर्न, रिक्षा हलली की वेग, रिक्षा थांबली की कचकन ब्रेक. एका फाट्यावर तर गाडी स्वतःहून कडेला गेली आणि उभी राहिली. पुनमला काही कळेना. तिथं बसथांबा होता. एक म्हातारेबुवा पिशवी सावरत पुढं आले आणि खिडकीतून वाकून म्हणाले, “चाकूर जाती का?”

“न्हाई, इस्पेशल हाय,” सटवाजीराव सवयीनं म्हणाले, आणि कुणी हसायच्या आत फर्स्ट टाकून निघाले.

परत येईपर्यंत साखराबाईंचं लिंबू सुकलं होतं. शोरूमच्या दारात दुसरी पिशवी उघडावी लागली. पुनमनं धावत जाऊन पाणी आणलं.

“फेल,” सटवाजीराव म्हणाले.

दुसरी गाडी लातूरमधल्याच दुसऱ्या शोरूमची. ती रुबाबदार, उंच, नाकावर चांदीसारखी पट्टी. आत चढायला साखराबाईंना खालून आरतीनं लोटलं आणि वरून मी ओढलं. खिडक्या मागं निमुळत्या होत गेलेल्या, बाहेरचं फक्त आभाळ दिसायचं. सटवाजीराव खूश झाले. “लोखंड हाय याच्यात!” रिंगरोडला एक फेरी झाली आणि लोखंडासकट गाडी नापास झाली.

मग संक्रांत होऊन गेली आणि तिसरी गाडी बघायला नांदेडला गेलो. सुदर्शन उमरीहून तिथं आला. तो घरात मोबाइलवर गाड्यांचे इतके व्हिडिओ बघायचा की नाश्त्याला मायलेज आणि जेवणाला टॉर्क बोलायचा. शोरूममध्ये त्यानं सेल्समनला असे प्रश्न विचारले की तो आत जाऊन आपल्या साहेबाला घेऊन आला. लेकरंही सोबत होती. छतावरची काच सरकताना बघितली आणि दोघांनी तिथंच घोषणा केली की हीच. “छताला भोक पाडून वर पैसे मागून राहिले,” सटवाजीराव पुटपुटले. सुदर्शननं लोड म्हणून मागं बसायचं कबूल केल्यानं त्या दिवशी मला शोरूमच्या सोफ्यावर बसून चहा प्यायला मिळाला. गाडी परत आली तेव्हा सुदर्शन खाली उतरला आणि आपल्या नव्या शर्टाकडं बघत नळ कुठं आहे ते विचारू लागला.

एवढ्यावर घरात विषय बंद पडल्यासारखा झाला. सटवाजीराव दुकानात येऊन बसायचे आणि सांगायचे, “कंपन्याईनी कितीबी गाड्या काढू द्या, आमच्या घरच्या पोटाला एकबी मानवत न्हाई.” यात दुःख थोडं आणि विजय जास्त होता. आरतीनं मात्र विषय सोडला नाही. पाडवा जवळ आला तशी तिनं पुनमला फोन केला. पहिलीच गाडी तिच्या मनात बसली होती. दोन गोणी मावतात, पायरी बरोबर आहे, हप्ता पगारात बसतो, आणि गाडीतून बाहेरचं दिसतं. “एकदा घरी घेऊन ये. इथल्या रस्त्यावर, सकाळी गारव्याला बघू.”

पुनम घेऊन आली. सटवाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. त्यांनी लायसन पुढं केलं. पुनमनं ते बघितलं, उलटून बघितलं, आणि हळूच म्हणाली, “काका, हे संपलंय.”

“काय संपलं?”

“मुदत. मागच्या वेळी चालू होतं. आता नूतनीकरण करावं लागेल. तोवर मला गाडी देता येत नाही. माझी नोकरी जाईल.”

सटवाजीरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तारीख तीच राहिली. गल्लीत चार-दोन जण ओट्यावर येऊन उभे होते. कोणीतरी खोकलं. रिटायर झाल्यावर लायसनकडं बघायची गरजच पडली नव्हती. ते शोकेसमधल्या बिल्ल्यासारखं कायमचं असतं अशीच त्यांची समजूत.

“मी चालवते,” आरती म्हणाली.

तिचा आवाज ठाम होता, पण ओढणीला हात पुसत होती ते मी पाहिलं.

सटवाजीराव तिच्या शेजारी बसले, मागं साखराबाई खिडकीला, मग पुनम, मग मी. आरतीनं गाडी अशी काढली जशी कडेवरचं झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं. मोटारसायकली पुढं गेल्या, टमटम पुढं गेल्या. सटवाजीराव मोकळ्या जागेत पाय आपटून ब्रेक दाबत होते आणि “घाल ना म्होरं, घाल ना!” म्हणून तिला हिंमत देत होते. आरती समोरून ट्रक आला की आधीच वेग कमी करायची. खड्डा दिसला की पुष्कळ आधी. शिरूर ताजबंदच्या रस्त्याला आम्ही लागलो तेव्हा मी तिरक्या नजरेनं साखराबाईंच्या हातातल्या पिशवीकडं बघत होतो. माझ्या अंगावर स्वच्छ सदरा होता.

पिशवी उघडली नाही. थोड्या वेळानं साखराबाईंनी ती घडी करून मांडीखाली ठेवली. मग काच खाली केली. मग बोलायला लागल्या.

“हे कुनाचं शेत गं? करडई काढली वाटतं. आन् ही विहीर नवी हाय का? आन् तिकडं त्या झाडाला केवढा मोहर आलाय बघ.”

मी त्यांना गाडीत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शिरूर ताजबंदच्या चौकात आरतीनं गाडी वळवली तशा त्या पुढं झुकल्या.

“इतक्यात कामून फिरवली? जाऊ की अजून म्होरं.”

 पुनम, बिचारी, खरोखर आनंदानं म्हणाली, “काकू, तुम्हाला तर गाडी लागतच नाही! मग त्या दिवशी काय झालं...” आणि समोरच्या सीटवरच्या माणसाची मान बघून तिनं वाक्य गिळलं.

 सटवाजीरावांनी घरापर्यंत एकदाही पाय आपटला नाही.

पुढचे काही दिवस ते दुकानात आले नाहीत. मला मात्र ते दिसायचे. समोर स्टँडवर बाकावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. एकदा लातूरच्या गाडीत चढले, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. दुपारी परतीच्या गाडीनं उतरले आणि सरळ माझ्याकडं आले. स्टूल ओढून बसले.

“उमाशंकर, खरं सांग. मी लई ब्रेक मारतो का?”

हसायला येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही. “मारता,” मी म्हणालो. “पण वेळेवर पोचवता.”

“आज त्या पोरानं कशी चालवली म्हाईत हाय? नवं पोरगं. धा मिन्टं लेट. पन माझ्या मांडीवर एकानं चहाचा कप ठेवला असता तर सांडला नसता.” त्यांनी स्टँडवरच्या गाड्यांकडं पाहिलं. “लोकं माझ्या गाडीत झोपायचे मनत व्हतो मी. डोळे मिटून बसत आसतील रे, भ्याले मनून.”

मी चहा मागवला.

त्याच संध्याकाळी त्यांनी घरी विषय काढला. तो मला साखराबाईंनी माझ्या बायकोला भिंतीवरून सांगितलेल्या हकिगतीवरून कळला, त्यामुळं त्यात तिखटमीठ असलं तर त्या दोघींचं.

“तुला पयल्यापासून ठावं व्हतं का?” त्यांनी विचारलं.

साखराबाई भाकरी थापत होत्या. “काय?”

“की गाडी न्हाई, मीच लागतो.”

“हाव.”

“कवापासून?”

“लगीन झालं त्या साली. भाऊ न्यायला आला, दुसऱ्या डायवरच्या गाडीत बसून म्हायेरी गेले. भजी खाल्ली आन् झोपले. काय सुदीक झालं न्हाई.”

“मग इतकी वर्सं बोलली कामून न्हाईस?”

“काय बोलायचं? गावभर तुमचं नाव. लोकं दुकानात, मोंढ्यात तारीफ करायचे. घरच्या बाईनंच सांगायचं का, याच्या गाडीत वकारी येती मनून? आन् दुसऱ्याच्या गाडीत बसले की तुम्ही रुसायचे. ‘माझी गाडी आसताना?’ मनायचे. त्याच्यापरीस घरीच राह्यलेलं बरं.”

सटवाजीराव म्हणाले, “मग आता ह्या तीन गाड्या झाल्या, तवा तरी सांगायचं.”

“मला वाटलं, लहान गाडी हाय, लहान चालवतील,” साखराबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

यावर ते हसले की नाही याबद्दल भिंतीच्या दोन्ही बाजूंना मतभेद आहेत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पुनमला फोन लावला आणि पांढरी गाडी ठरवली. सुदर्शननं फोनवरून दुसऱ्या गाडीचं मायलेज काढलं, तर त्याला म्हणाले, “तू चालवनार हायेस का? मग ठिव.” लेकरं छताच्या काचेसाठी एक दिवस जेवली नाहीत. खरं सांगायचं तर सकाळी जेवली नाहीत, संध्याकाळी जेवली. पत्रा पातळ आहे ही तक्रार मात्र सटवाजीरावांनी शेवटपर्यंत सोडली नाही. गाडी दारात आली त्या दिवशीसुद्धा सगळे पूजा करत असताना ते बोनेटवर टिचक्या मारून आवाज ऐकत होते.

पहिली फेरी उमरीची झाली. आरती चालवायला, सटवाजीराव शेजारी, मागं साखराबाई आणि लेकरं. लोह्याला थांबून साखराबाईंनी चहा प्यायला, मुदखेडला उसाचा रस. मुलाच्या खोलीत शिरल्या आणि कोपऱ्यात साठलेली भांडी बघून त्यांनी सुदर्शनला जे सुनावलं ते खालच्या मजल्यावरच्या घरमालकानं ऐकलं. परत निघताना त्याचा डबा, तेल, मसाला सगळं लावून दिलं. येताना गाडीत झोपल्या त्या थेट अहमदपूरच्या नाक्यावर जाग्या झाल्या.

मग मुरुडला जाऊन आल्या. व्याह्यांच्या दारात उतरल्या, रांगोळी ओलांडली आणि आत जाऊन पुरणपोळी खाल्ली. व्याहीण बाई दारातच उभ्या होत्या, पाणी भरलेला तांब्या तयार ठेवून. तो लागला नाही.

आणि मग साखराबाई घरात टिकेनात. शनिवारी रात्री जेवण झालं की विचारायच्या, “आरते, माहूर किती लांब हाय गं?” पुढच्या शनिवारी कंधारचा किल्ला. त्याच्या पुढं हत्तीबेट. कुणाच्या बारशाचं आमंत्रण आलं की आहेर पाठवायच्या ऐवजी आधी लुगडं काढायच्या. आरती बिचारी आठवडाभर शाळा, घर आणि स्कूटी. एका रविवारी ती हात जोडून म्हणाली, “आत्या, आज मला पेपर तपासायचेत. खरंच.”

तोवर सटवाजीरावांचं लायसन नवं होऊन आलं होतं. ते वर्तमानपत्र वाचायचं सोंग करत बसले होते. साखराबाईंनी त्यांच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“चालवता का?”

“मी? चालवीन की.”

“मी म्होरं बसनार. मी सांगंल तसं.”

त्या दिवशी मी मेव्हण्याकडं चाललो होतो, कंधारच्या रस्त्यानं, माझ्या जुन्या स्कूटरवर. पुढं पांढरी गाडी दिसली. तिच्यामागं उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली हॉर्न वाजवत होती. गाडीनं कडेला होऊन तिला वाट दिली. ट्रॉली डुलत पुढं गेली. तिच्यामागून मीही पुढं गेलो. जाताना आत पाहिलं. सटवाजीराव दोन्ही हातांनी स्टेरिंग धरून, मान ताठ, सरळ समोर बघत होते. मला बघितलं असणार, पण बघितलं नाही असं दाखवलं. साखराबाईंनी मात्र खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडून विचारलं, “उमाशंकर, इतक्या घाईनं कुठं निघालास रे?”